बाक बदला

कथेतल्या मुलाविरुद्ध पोलिसात तक्रार करा, असा सल्ला भर सभेत देणारा डोंबिवलीतला पहिला माणूस मीच असावा. आणखी कुणी असेल तर त्यानं मला जरूर भेटावं. दोघं मिळून चहा पिऊ आणि एकमेकांचं सांत्वन करू.

झालं ते असं. मी राहतो घोडबंदर रोडला, एका अशा टॉवरमध्ये ज्याचं नाव रिक्षावाल्याला सांगताना मला अजून दोनदा थांबावं लागतं. आई राहते डोंबिवली पूर्वेला, जिथं मी वाढलो. दर शनिवारी मी आईकडे जातो. ती मला अर्धा तास प्रेमानं वागवते आणि मग मी पायात येतो म्हणून काहीतरी काम देऊन घराबाहेर काढते. त्या शनिवारी तिनं वाचनालयाचं पुस्तक हातात दिलं आणि बदलून आण म्हणाली. वाचनालयात गेलो तर खाली कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावरून मात्र चांगला कडाक्याच्या भांडणाचा आवाज येत होता. भांडण ऐकू आलं की जिना चढायचा, हे संस्कार डोंबिवलीचे.

वरच्या खोलीत दहाबारा माणसं दोन रांगांत समोरासमोर बाकांवर बसली होती. विषय एक बाई आणि तिचा मुलगा. मुलगा तिला एकटं टाकून निघून गेला होता, एवढं मला दारातूनच कळलं. पांढरा सदरा घातलेले एक वयस्कर गृहस्थ मुलाची बाजू घेऊन बोलत होते, की तिथं राहून तो तरी काय करणार होता. समोरची पंचविशीतली मुलगी तडकून म्हणाली, "म्हणजे आई गेली तेल लावत, असंच ना काका?"

आता मी आमच्या सोसायटीचा माजी सेक्रेटरी. असल्या प्रकरणांत मला गप्प बसवत नाही. मी सरळ आत गेलो, घसा साफ केला आणि सांगितलं की अशा मुलांसाठी कायदा आहे, मुलाचं नाव-पत्ता द्या, पोलीस स्टेशनला माझ्या ओळखीचे एकजण आहेत, सोमवारपर्यंत तो हात जोडत परत येतो.

सगळ्यांनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मग हशा झाला. तो वयस्कर सदरा तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्या मुलीनं माझी कीव येऊन हळूच सांगितलं, "दादा, गोष्ट आहे ती. गोष्टीतला मुलगा आहे."

जिन्याकडे वळणार, तेवढ्यात टोकाच्या टेबलाशी बसलेल्या बाई बोलल्या. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे या बाईबद्दल नुसतं बोलतोय. तिच्यासाठी उठून काही करायला निघालेले तुम्ही पहिलेच."

आणि त्यांनी एक झेरॉक्स माझ्या हातात दिली. "आता वाचा, आणि तक्रार नक्की कुणावर करायची ते ठरवा."

या गुप्तेबाई. वैजयंती गुप्ते. डोंबिवलीतल्या एका शाळेत हयातभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर, येईल त्याला घेऊन हा वर्ग चालवणाऱ्या. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. वर्गाला नावसुद्धा नव्हतं. मी ठाण्याहून येतो म्हणून त्यांनी मला त्याच दिवशी 'ठाणेकर' करून टाकलं. मी डोंबिवलीत जन्मलोय, असं मी पुढे कित्येकदा सांगून पाहिलं. "ते तुमच्या बाकावरून," असं म्हणून त्या पुढे जायच्या.

बाई दिसायला काटकुळ्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली चक्क जाड तळव्याचे, फितीचे, पळायचे बूट. मनगटावर घड्याळ, पण तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे वेळ फक्त त्यांना कळायची. शनिवार म्हणजे बाजारचा दिवस, त्यामुळे झेरॉक्सच्या पिशवीशेजारी कधीकधी दुसरी एक पिशवी असायची आणि त्या दिवशी वर्ग बरोबर वेळेवर सुटायचा, कारण पिशवीतले बोंबील साहित्यचर्चेसाठी थांबत नाहीत, हे बाईंचं स्पष्ट मत होतं. बाईंनी वर्गात बोलून दाखवलेलं बहुधा हे एकच मत.

हो, कारण बाई मत देतच नसत. ही त्यांची पहिली विचित्र गोष्ट. गोष्टीचा अर्थ काय, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. झेरॉक्सची वरची पट्टी त्या कात्रीनं कापून आणायच्या. लेखकाचं नाव नाही, गोष्टीचं नाव नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, नाव दिसलं की लोक नमस्कार करायला वाकतात आणि वाकलेल्या माणसाला वाचता येत नाही. वाचून दाखवायच्या तेही अगदी सपाट आवाजात, स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसं. आवाजात रडणं-हसणं घातलं की ऐकणाऱ्याचं काम आपणच करून टाकतो, असं त्यांचं म्हणणं.

मग चर्चा. चर्चेला दोनच नियम. पहिला, ओळ दाखवा. तुम्ही काहीही म्हणा, मुलगा नालायक म्हणा, आई हट्टी म्हणा, बाई फक्त म्हणणार, "ओळ दाखवा." कुठल्या ओळीत आहे हे? ओळ सापडली तर बोला, नाही सापडली तर खाली बसा. आयुष्यात मी इतक्या वेळा खाली कधीच बसलो नव्हतो, शाळेतसुद्धा नाही. तिथं मला उभंच ठेवायचे.

दुसरा नियम हाच त्या वर्गाचा खरा जीव. खिडकीकडचे बाक एका बाजूचे, पुस्तकांच्या कपाटाकडचे बाक दुसऱ्या बाजूचे. समजा खिडकी आईची आणि कपाट मुलाचं. तुम्ही तुमच्या बाजूनं तावातावानं बोलत असता, तुमचा मुद्दा रंगात आलेला असतो, समोरचा गारद होण्याच्या बेतात असतो आणि नेमकं तेव्हा बाई उजवा हात वर करायच्या. दोन बोटं एकमेकांवरून ओलांडायच्या. बस्स. याचा अर्थ बाक बदला. उठायचं, समोर जाऊन बसायचं आणि आत्ता ज्याला गारद करत होतात त्याच्या बाजूनं, तितक्याच जोरात, ओळ दाखवून बोलायचं.

पहिल्यांदा मला हा खेळ वाटला. दुसऱ्यांदा छळ वाटला. तिसऱ्यांदा घरी बायकोशी पडद्यांच्या रंगावरून वाद चालला असताना मी मध्येच उठून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो, तेव्हा ती म्हणाली, "काय रे, पाठ धरली का?" हे प्रकरण आता अंगात मुरतंय, हे मला तेव्हा समजलं.

ती पहिल्या दिवसाची मिठागरातली गोष्ट बाई अधूनमधून पुन्हा काढायच्या. छोटीशी गोष्ट. खाडीकाठचं गाव, मिठागरं बंद पडलेली. एक विधवा आणि तिचा एकुलता मुलगा. मुलाला लांब कुठंतरी काम मिळालंय. निघायच्या सकाळी आई मागच्या दाराशी तांदूळ धुतेय. मुलगा उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "येतो." आणि शेवटची ओळ, 'तिनं मान वर केली नाही. तांदळाचं पाणी तिसऱ्यांदा ओतलं.' संपली गोष्ट.

'येतो' या एका शब्दावर त्या वर्गानं जेवढा घसा कोरडा केला तेवढा पाण्यासाठी महापालिकेच्या दारातही कुणी केला नसेल. सदरेवाले गृहस्थ, म्हणजे काळेकाका, ठामपणे म्हणायचे की ही नुसती पद्धत आहे. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, त्यात अर्थ शोधू नका. ती मुलगी, रेश्मा, एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये कामाला होती आणि शनिवारची सुट्टी इथं घालवायची. ती म्हणायची, "काका, पद्धत असली म्हणून काय झालं? तो शब्द देतोय." मी दोघांच्या मध्ये पडून म्हणालो की तो सरळ खोटं बोलतोय. बाई म्हणाल्या, ओळ दाखवा. मी बसलो.

त्या वर्गात सोमण नवराबायको होते. दोघं नेमानं समोरासमोरच्या बाकांवर बसायचे, कारण शेजारी बसलं की घरच्यासारखं वाटतं, असं सोमणकाकू म्हणायच्या. त्या फार बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "तांदूळ दोनदा धुतात. तिसऱ्यांदा धुणारी बाई तांदूळ धूत नसते."

मी कागदावर पाहिलं. 'तिसऱ्यांदा' हा शब्द मी निदान दहा वेळा वाचला होता. वाचला होता, असं आपलं म्हणायचं.

बाईंनी बोटं ओलांडली. सोमणकाकू उठून मुलाच्या बाजूला गेल्या आणि सोमणकाका आईच्या. आता काकूंनी मुलाची बाजू मांडायची. त्या म्हणाल्या, हा मुलगा निदान उंबऱ्यात थांबला. निदान एक शब्द बोलला. सोमणकाका आईच्या बाकावरून जरा चाचरत म्हणाले, "मी काय म्हणायचो गं, ऑफिसला निघताना?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "दार लागल्याचा आवाज यायचा."

सगळे हसले, सोमणकाकाही हसले. बाई मात्र काकांकडे बघत राहिल्या आणि त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला. बोंबील नसतानाही.

माझ्या पराक्रमांपैकी एक तरी सांगितलाच पाहिजे, नाहीतर वाटेल मी तिथं शहाणा झालो. एका शनिवारी मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली असताना फोनला विचारलं, की बाबा, मिठागर, विधवा, मुलगा, तांदूळ, अशा गोष्टीचा अर्थ सांग. फोननं इतका सुंदर अर्थ सांगितला की माझे डोळे पाणावले. मी तो पाठ केला. वर्गात उभा राहून म्हणालो की शेवटी आईच्या डोळ्यांतून पडणारा अश्रू मिठासारखा खारट आहे, म्हणजेच जी माती तिनं आयुष्यभर पिकवली तीच आता तिच्या गालावर उतरली आहे. एवढं बोलून मी टाळ्यांसाठी थांबलो.

"ओळ दाखवा," बाई म्हणाल्या.

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मागची कोरी बाजूही वाचली. त्या गोष्टीत कुणीही रडत नाही. एक थेंबही नाही. फोननं माझ्यासाठी वेगळीच बाई रडवली होती.

काळेकाकांना पुन्हा पाणी द्यावं लागलं. बाईंनी शांतपणे विचारलं की मग, ठाणेकर, ती रडत का नसेल? मी म्हणालो, माहीत नाही. तर म्हणाल्या, "आता तुम्ही वाचायला लागलात." आणि मला वाटतं, त्या ते खरंच कौतुकानं म्हणाल्या. निदान माझ्या बाकावरून तसं दिसलं.

पण एकदा रेश्मानं त्यांनाच पकडलं. म्हणाली, "बाई, आम्ही इथून तिथे, तिथून इथे. तुम्ही कधीच बाक बदलत नाही."

बाई म्हणाल्या की त्या बाकावर बसतच नाहीत, टेबलाशी बसतात आणि टेबलाला बाजू नसते.

"असते ना," रेश्मा म्हणाली. "पंख्याखालची."

सगळी खोली हसली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. माझी वेळ आली की बसेन."

ती वेळ आली. बाईंची इमारत पुनर्विकासाला गेली. डोंबिवलीत हल्ली हे असं आहे की जिन्यावर भेटलेला माणूस 'कसे आहात' विचारण्याआधी 'तुमची कधी पडतेय' विचारतो. सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. नवीन इमारत कधी उभी राहील ते बिल्डर जाणे. बाईंचा मुलगा निखिल राहतो घोडबंदर रोडला, माझ्यापासून फार लांब नाही. आई आता त्याच्याकडेच जाईल, कायमची, असं शेजारीपाजारी धरून चालले होते. बाईंच्या मनात वाचनालयाच्या आसपास एखादी खोली भाड्यानं घ्यायचं होतं. घोडबंदरला जाणं म्हणजे वर्ग संपला, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या वयात तो रस्ता, ते ट्रॅफिक, दर शनिवारी? मी पन्नाशीच्या आतला माणूस, मलाच आईकडे पोचेपर्यंत पुढच्या शनिवारचे विचार सुरू होतात.

वर्ग कामाला लागला. काळेकाकांनी पुतण्याचा रिकामा ब्लॉक शोधला, वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत, तळमजल्यावर. सोमणकाकूंनी डब्याची सोय केली. रेश्मानं दुखलंखुपलं तर कोण किती मिनिटांत पोचेल, हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. मी काय केलं? मी मान डोलावली. मान डोलावण्याचं काम मी फार मनापासून केलं.

पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा हातात झेरॉक्स नव्हत्या. टेबलाशी न जाता त्या खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. बूट जमिनीला जेमतेम टेकत होते.

"आज उतारा मी," त्या म्हणाल्या.

आणि त्याच सपाट आवाजात त्यांनी आपली हकीकत सांगितली, वाचून दाखवल्यासारखी. इमारत रिकामी करायचीय. मागच्या रविवारी मुलगा आला होता. जेवला. जेवताना इकडचं तिकडचं बोलला. 'माझ्याकडे ये' असं तो म्हणाला नाही. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "खोली रंगवून घेतलीय. हिरवी. आपल्या स्वयंपाकघरासारखी." आणि गेला. बाई म्हणाल्या, म्हणजे त्यानं विचारलंच नाही. त्यानं आधीच ठरवलंय. शिवाय तो हिरवा रंग मला कधीच आवडला नाही. तो यांनी आणला होता, स्वस्तात मिळाला म्हणून, आणि मी इतकी वर्षं तो सहन करतेय. संपला उतारा.

वर्ग पेटला. काळेकाका म्हणाले की ही सरळसरळ जबरदस्ती आहे. रेश्मा म्हणाली, रंगवून घेतलीय म्हणजे काय, आई काय फर्निचर आहे? सोमणकाकाही, जे कधी जोरात बोलत नसत, ते म्हणाले की विचारणं ही साधी गोष्ट आहे आणि ती त्यानं केली नाही. बोलता बोलता सगळे जण एकेक करून खिडकीकडे सरकले होते. कपाटाकडचे बाक पूर्ण रिकामे.

बाईंनी हात वर केला. दोन बोटं ओलांडली.

कुणी उठेना. वर्गाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. काळेकाका चक्क म्हणाले, "आज नाही. आज या बाजूला दुसरी बाजूच नाही."

"असते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला शोधलं. मी खांबामागे होतो. "ठाणेकर, तुम्ही जा."

मी गेलो. एकटाच त्या लांब बाकावर बसलो. समोर सगळा वर्ग, मध्यभागी बाई. सुरुवात मी विनोदानं केली. म्हणालो की मी निखिल, मला घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एकट्यानं अडकायचा कंटाळा आलाय. कुणी हसलं नाही.

"ओळ दाखवा," बाई म्हणाल्या.

आता ओळी तर बाईंनी स्वतःच दिल्या होत्या. मी त्या मनातल्या मनात पुन्हा वाचल्या आणि काय सांगू, तांदळाच्या तिसऱ्या पाण्यासारखं काहीतरी लख्ख दिसलं. माझी आई दिसली, जिला मी आजवर एकदाही 'माझ्याकडे राहायला ये' असं सरळ म्हटलेलं नाही. ती नाही म्हणेल, ही भीती. मग मी काय करतो? मी तिला सांगतो की आमच्याकडे पाणी चोवीस तास असतं. लिफ्ट नवीन बसवलीय. खाली मंदिर आहे.

मी म्हणालो, "तो 'ये' म्हणाला नाही, बरोबर. बूट घालताना बोलला. म्हणजे तुमच्याकडे बघत नव्हता. 'ये' म्हटलं तर तुम्ही 'नाही' म्हणू शकता आणि मग त्याला ते 'नाही' गाडीतून घोडबंदरपर्यंत घेऊन जावं लागेल. खोली रंगवलीय, याला काही 'नाही' म्हणता येत नाही. तो घाबरलेला आहे, बाई."



मी तिथं थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण मला ओळ सापडली होती आणि ओळ सापडलेला माणूस दारुड्यापेक्षा वाईट. मी म्हणालो, "आणि रंग. तुम्हाला तो आवडत नाही, हे त्याला माहीतच नाही. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. त्याच्या मते घर म्हणजे हिरवं. त्यानं दुकानात जाऊन तो जुना हिरवा शोधून काढलाय. तसला रंग आता कुठं मिळत असेल? किती दुकानं फिरला असेल तो?"

बाईंनी घड्याळाची आतली तबकडी पाहिली, जणू वेळ संपलीय का ते बघावं. मग त्या उठल्या. मला वाटलं, टेबलाकडे जातील. त्या सरळ खोली ओलांडून आल्या आणि माझ्या शेजारी, मुलाच्या बाकावर बसल्या. तिथून त्यांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथं आत्तापर्यंत त्या स्वतः बसल्या होत्या.

बराच वेळ पाहिलं.

"इथून ती बाई फार कडक दिसते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ओळ बरोबर दाखवलीत, ठाणेकर."

त्या घोडबंदरला जाणार हे त्या क्षणी ठरलं आणि ते सगळ्या खोलीला कळलं.

मत बदललेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. आम्ही सगळेच बदलतो, पण घरी जाऊन, गुपचूप, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं; आणि नंतर म्हणतो की मी आधीपासून हेच म्हणत होतो. बाईंनी ते सगळ्यांसमोर केलं, स्वतःच्या राहत्या घराच्या बाबतीत केलं, आणि चार पावलं चालून केलं. त्यांच्या जागी मी असतो तर कपाटाकडचा बाकच खोलीबाहेर नेऊन ठेवला असता. आजही ती चार पावलं आठवली की मी गप्प होतो, आणि मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते.

माझी अवस्था मात्र फार वाईट झाली. जिन्यात काळेकाकांनी मला गाठलं. "अरे," ते म्हणाले, "तुला एवढं बरं बोलायला कुणी सांगितलं होतं?" पोलीस प्रकरणापासून मी त्या वर्गात एकही मुद्दा धड मांडला नव्हता. एकच मांडला आणि त्यानं वर्ग बंद पडला. रेश्मा तर माझ्याशी बोललीच नाही. सोमणकाकूंनी तेवढी माझ्या पाठीवर थाप मारली, पण ती कौतुकाची होती की राग गिळलेल्याची, ते मला ओळ दाखवून सांगता येणार नाही.

निघायच्या सकाळी आम्ही सगळे बाईंच्या गल्लीत जमलो. टेम्पो भरला जात होता. निखिलला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या मनातला निखिल उंच, टाय लावलेला, घड्याळाकडे बघणारा होता. हा बुटका, घामाघूम, बाईंच्या तुळशीची कुंडी छातीशी धरून उभा होता आणि ती टेम्पोत ठेवायला कुणावर विश्वास टाकावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी काळेकाकांनी पुढे होऊन कुंडी घेतली आणि टेम्पोच्या फळीला दोरीनं बांधली. गाठ दोनदा तपासली. निखिल 'थँक्यू काका' म्हणाला. काकांनी तिसऱ्यांदा गाठ तपासली.

बाई खाली आल्या. इस्त्रीची साडी, पळायचे बूट. प्रत्येकाजवळ थांबल्या नाहीत. वर्गातही त्या असं कधी करत नसत. गाडीचं पुढचं दार निखिलनं उघडलं. बसता बसता त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येते."

दार लागलं. गाडी निघाली.

आम्ही फुटपाथवर उभे. मग काळेकाका कोरड्या आवाजात म्हणाले, "पद्धत असते ती. निघताना म्हणतात."

"नाही हं काका," रेश्मा म्हणाली. "बाई म्हणाल्यात म्हणजे त्यांनी शब्द दिलाय."

"म्हणायचं असतं म्हणून म्हणाल्या. त्या रस्त्यानं कोण येतंय दर शनिवारी? उगाच मनाला लावून घेऊ नकोस पोरी. त्या येणार नाहीत."

"पण त्यांनी वळून पाहिलं," सोमणकाकू म्हणाल्या. "मान वर केली."

"म्हणूनच तर," काका म्हणाले. "परत येणारा माणूस वळून बघत नाही." त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. बघता बघता भर रस्त्यात वर्ग सुरू झाला, सगळे एकदम बोलायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा आला होता, म्हणून गाडी तिथंच अडकली होती. आमचा आरडाओरडा तिथपर्यंत पोचला असणार. गाडीची काच खाली झाली. आतून एक काटकुळा हात बाहेर आला. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. हात वर झाला आणि दोन बोटं एकमेकांवरून ओलांडली गेली.

टँकर सरकला. गाडी वळली.

आम्ही मुकाट्यानं रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुटपाथवर, बंद शटरच्या पायरीवर जाऊन उभे राहिलो. काळेकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि घसा साफ केला.

"त्या येणार," ते म्हणाले. "थांबा, ओळ दाखवतो."